देवक, धोंडी आणि मानवशास्त्र

मनुष्य समाज करून राहूं लागला तो कां, त्यानें देव मानिला तो कशावरून, आणि अमक्या कुळांत मुलगी द्यावी, तमक्या कुळांत देऊं नये, हा निर्बंध प्रथम कोणीं घातला, हे प्रश्न फार जुने आहेत. पुराणांनीं त्यांचीं उत्तरें एका रीतीनें दिलीं. धर्मशास्त्रानें दुसऱ्या रीतीनें दिलीं. एकोणिसाव्या शतकांत युरोप-अमेरिकेंतील कांहीं विद्वानांनीं तिसरी रीत काढली. जगांतील निरनिराळ्या लोकांच्या चालीरीती एकत्र मांडाव्या, त्यांची तुलना करावी, आणि तीवरून मनुष्यसमाजाचा इतिहास जुळवावा, अशी ती रीत होती. तिलाच पुढें मानवशास्त्र हें नांव रूढ झालें. या शास्त्राचे आरंभींचे विचार काय होते, त्यांतील कोणते टिकले, कोणते गळून पडले, आणि त्यांचा आमच्या जळकोट-उदगीर-कंधारकडील माणसांशीं काय संबंध पोहोंचतो, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

असा कसला संबंध, असें कोणी विचारील. सुशिक्षित घरांत बसून आपण जेव्हां खेड्यांतील एखाद्या चालीला "रानटीपणाचा अवशेष" म्हणतों, तेव्हां आपणांस कल्पना नसतांना आपण त्या विद्वानांचेंच एक मत बोलून दाखवीत असतों. शिवाय एखाद्या जातीला शासनाच्या कोणत्या रकान्यांत बसवावयाचें, याचा वाद निघाला म्हणजे आजही शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वींचीं पुस्तकें उघडलीं जातात. त्या पुस्तकांत काय लिहिलें आहे हें पुष्कळ जण पाहतात. तें कोणत्या विचारानें लिहिलें गेलें, हें मात्र फारसें कोणी पाहत नाहीं.

या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत एडवर्ड टायलर या इंग्रज पंडिताचें नांव पहिल्यानें घ्यावें लागतें. त्याचा 'प्रिमिटिव्ह कल्चर' हा द्विखंडी ग्रंथ १८७१ सालीं प्रसिद्ध झाला. संस्कृति म्हणजे काय, याचें त्यानें दिलेलें उत्तर साधें परंतु क्रांतिकारक होतें. मनुष्य जन्मतांना जें बरोबर आणीत नाहीं, तर समाजांत राहून जें शिकतो, तें सारें त्यानें संस्कृतींत धरलें. त्यापूर्वीं संस्कृति म्हटली म्हणजे पोथ्या, मंदिरें, काव्यें यांकडे बोट दाखविलें जाई. टायलरच्या व्याख्येनें कुंभाराचें चाक, शेतकऱ्याची तिफण, जात्यावरची ओवी आणि पंचायतीचा न्याय हींही संस्कृतींत आलीं. ज्याला संस्कृति नाहीं असा मनुष्यसमाजच नाहीं, असा त्याचा अर्थ झाला. हा विचार टिकला, आणि तो टिकण्यासारखाच होता.

धर्माच्या उत्पत्तीविषयीं टायलरनें जी उपपत्ति मांडली तिला आपण सजीववाद म्हणूं. आदिमानवाला दोन गोष्टींचें कोडें पडलें असावें, असें तो म्हणे. निजलेला मनुष्य जागेवर असून स्वप्नांत दूर फिरून येतो. आणि मेलेला मनुष्य देहानें समोर असून त्यांतलें कांहींतरी निघून गेलेलें असतें. यावरून देहापासून निराळा असा जीव आहे, ही कल्पना निघाली. मग तोच जीव झाडांत, दगडांत, नदींत आहे असें वाटूं लागलें, आणि त्यांतूनच पुढें देव झाले. शिवेवरचा शेंदूर फांसलेला म्हसोबा, दहाव्याच्या दिवशीं कावळ्यासाठीं ठेवलेला पिंड, हीं उदाहरणें त्याच्या उपपत्तींत चपखल बसतात. ज्या चालीचें मूळ कारण लोक विसरले, परंतु चाल मागें राहिली, तिला तो अवशेष म्हणे. मुंबई-पुण्याच्या घरांत नव्या मोटारीपुढें लिंबूमिरची बांधतात, तीही याच सदरांत जाईल. केवळ खेडेगांवांनाच हें नांव लावण्याचें कारण नाहीं.

उपपत्ति सुबक होती. तिच्यांत उणीव अशी, कीं आदिमानवाच्या मनांत काय चाललें होतें तें पाहावयास कोणी गेला नव्हता. टायलर तरुणपणीं मेक्सिकोंत हिंडला होता. हिंदुस्थानांत तो आला नव्हता. मिशनरी, सरकारी अंमलदार आणि प्रवासी यांच्या लिखाणावरून त्यानें पुरावा गोळा केला. त्या पुराव्यावरून त्यानें व त्याच्या समकालीनांनीं एक शिडी बनविली. अमेरिकेंतील लुइस हेन्री मॉर्गन यानें १८७७ सालच्या 'एन्शंट सोसायटी' या ग्रंथांत तिच्या पायऱ्यांना नांवें दिलीं: पहिली वन्य अवस्था, दुसरी रानटी अवस्था, तिसरी सुधारणा. सर्व मानवजातीला याच पायऱ्या याच क्रमानें चढाव्या लागतात, असा हा सिद्धांत. मॉर्गननें इरोक्वा लोकांत स्वतः वावरून पुष्कळ मोलाची माहिती मिळविली होती. परंतु शिडीच्या वरच्या टोकाला शिडी करणारा स्वतः बसला होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां एक योगायोग पाहा. ज्या १८७१ सालीं टायलरचा ग्रंथ निघाला, त्याच सालीं हिंदुस्थान सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. टायलरच्या ग्रंथावरून तो कायदा झाला, असें मुळींच नाहीं. तथापि दोहोंच्या मुळाशीं असलेली हवा एक होती. माणसाचा स्वभाव त्याच्या जमातीवरून ठरतो आणि जमातीची पायरी आपण बाहेरून ठरवूं शकतों, हा विश्वास त्या काळीं सर्वत्र पसरला होता. ग्रंथांत या विश्वासाची झळ कोणास लागत नाहीं. कायद्यांत तो शिरला, तेव्हां जन्मलेलें मूलच गुन्हेगार ठरूं लागलें. पारधी, कैकाडी, भामटे अशा लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्या हजेऱ्यांत गेल्या. हा कायदा स्वतंत्र भारतांत १९५२ सालीं रद्द झाला, आणि त्या जमातींना विमुक्त हें नांव मिळालें. कागदावरील शिक्का पुसला गेला. लोकांच्या जिभेवरचा पुसावयास अजून अवकाश आहे.

टायलरनंतरचें मोठें नांव जेम्स फ्रेझर याचें. त्याचा 'गोल्डन बाऊ' हा ग्रंथ १८९० सालीं दोन खंडांत निघाला आणि तिसऱ्या आवृत्तींत वाढत वाढत बारा खंडांचा झाला. फ्रेझरचें म्हणणें असें, कीं धर्माच्याही आधीं यातु, म्हणजे जादूटोणा होता. यातूचे नियम त्यानें दोन सांगितले. सारख्यापासून सारखें उत्पन्न होतें, हा पहिला. आणि एकदां एकमेकांस लागलेल्या वस्तु दूर गेल्या तरी एकमेकांवर परिणाम करितात, हा दुसरा. पहिल्या नियमाचें उदाहरण आम्हां मराठवाड्याच्या लोकांस शोधावयास नको. मृगाच्या पावसानें दडी मारली म्हणजे गांवांत धोंडी निघते. एखाद्या मुलाच्या अंगाभोवतीं लिंबाचे डहाळे बांधतात, बरोबर बेडूक घेतात, आणि पोरांचा मेळा दारोदार जातो. घरची बाई त्या मुलाच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतते आणि सुपांतून दाणे घालते. लिंबावर पाणी पडलें, बेडूक भिजला, तसा पाऊस पडो, असा त्यांतला भाव. फ्रेझरच्या शब्दांत हें शुद्ध अनुकरणाचें यातु होय.

फ्रेझरनें आपल्या ग्रंथांत सर्बियांतील अशीच एक चाल दिली आहे. तेथें अवर्षणाच्या वेळीं एका मुलीला पानांफुलांनीं नखशिखांत झांकून गांवांतून मिरवितात आणि घरोघरीं तिच्यावर पाणी ओततात. तिला डोडोला म्हणतात. आपली धोंडी आणि त्यांची डोडोला! ध्वनिसाम्यही असें, कीं एखाद्याला दोहोंचें एकच मूळ सांगण्याचा मोह व्हावा. येथेंच जुन्या मानवशास्त्राची ठेंच लागते. फ्रांझ बोआस या जर्मनींत जन्मलेल्या अमेरिकन पंडितानें १८९६ सालीं या तुलनेच्या पद्धतीची मर्यादा दाखवून दिली. दोन ठिकाणीं सारखी चाल आढळली म्हणून तिचें कारण एकच असेल असें नाहीं. निरनिराळ्या कारणांनींही सारखें फळ येऊं शकतें. म्हणून आधीं एकेका समाजाचा त्याच्या जागीं, त्याच्या इतिहासासह अभ्यास करा, आणि मग तुलनेला लागा, असें त्याचें सांगणें होतें. नांवांचा नाद सारखा आहे एवढ्यावरून लातूरचें सर्बियाशीं नातें जोडणारा मनुष्य विद्वान् ठरत नाहीं.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा. धोंडी काढणाऱ्यांना खरोखर असें वाटतें काय, कीं तांब्याभर पाण्यानें ढग भरून येतात? फ्रेझरच्या मतें यातु म्हणजे चुकलेलें विज्ञान. परंतु ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यानें १९१५ ते १९१८ या काळांत ट्रोब्रियांड बेटांत बराच काळ राहून, तेथील भाषा शिकून, वेगळें पाहिलें. तेथील कोळी खाजणाच्या शांत पाण्यांत मासे धरतांना कोणताही मंत्र म्हणत नसत. खोल समुद्रांत, जेथें जीव जाण्याची भीति, तेथेंच त्यांचे मंत्रतंत्र चालत. म्हणजे ज्ञान कोठें पुरतें आणि कोठें संपतें, हें त्यांना नेमकें कळत होतें. आमच्या शेतकऱ्याकडे पाहा. वापसा आला कीं नाहीं हें तो मूठभर माती दाबून ठरवितो. बियाणें पाखडून घेतो. तिफणीच्या फणांत किती अंतर ठेवावें हें मोजून ठेवितो. यांपैकीं एकही काम तो धोंडीवर सोंपवीत नाहीं. धोंडी निघते ती माणसाच्या हातीं करण्यासारखें सर्व संपल्यावर. आणि त्या दिवशीं गोळा झालेल्या दाण्यांचें सर्वांचें मिळून जेवण होतें, म्हणजे ज्या घरीं चूल पेटली नसेल त्या घरच्या पोरालाही घांस मिळतो. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास आली. पहिल्या खेपेस दहा वाघिणी आणि सुमारें पांच लक्ष लिटर पाणी, असा तिचा हिशेब होता. ज्यांनीं त्या पाण्यासाठीं रांगा लावल्या, त्यांना पाणी कशानें येतें हें पुस्तकावरून शिकविण्याची गरज नव्हती.

आतां देवकाकडे वळूं. लग्नाच्या वेळीं मांडवांत देवक बसवितात, हें सर्वांच्या माहितींतलें. कोणाचें देवक पांचपालवी म्हणजे पांच झाडांचीं पानें, कोणाचें कळंब, कोणाचें उंबर, कोणाचें शमी, तर कोणाचें तरवारीचें पातें. ज्यांचें देवक एक, त्यांनीं आपसांत सोयरीक करूं नये. देवकाच्या झाडाला कुऱ्हाड लावूं नये. असा जुना दंडक. उत्तर अमेरिकेंतील आणि ऑस्ट्रेलियांतील कुळांच्या प्राण्या-झाडांच्या चिन्हांना पाश्चात्य पंडित टोटेम म्हणत. त्यांना आपल्या देवकांची माहिती मिळाली तेव्हां त्यांनीं हें टोटेमच होय, असें ठरविलें. मुंबई इलाख्याविषयीं एन्थोव्हेन यानें १९२० ते १९२२ या काळांत प्रसिद्ध केलेल्या तीन खंडांत देवकांच्या याद्या आहेत. निजामाच्या राज्याविषयीं, ज्यांत तेव्हां आमचा सारा मराठवाडा होता, सय्यद सिराज-उल-हसन यांचा ग्रंथ १९२० सालीं निघाला. त्यांतही अशी माहिती सांपडते.

टोटेमविषयींची उपपत्ति फ्रेझरनें १९१० सालीं चार जाडजूड खंडांत मांडली. आणि त्याच सालीं अलेक्झांडर गोल्डनवायझर या तरुण अभ्यासकानें तिचा सांधा खिळखिळा केला. कुळाचें नांव, त्या प्राण्यापासून उत्पत्ति झाल्याची समजूत, तो न खाण्याचा नियम, कुळाबाहेर लग्न, पूजा, या सर्व गोष्टी एकत्र असतात असें फ्रेझर धरून चालला होता. गोल्डनवायझरनें दाखविलें, कीं त्या कोठें दोन आढळतात, कोठें तीन. सर्वत्र मिळून येतातच असें नाहीं. आमच्याकडेच पाहा. सोयरिकीचा नियम आहे, पूजा आहे. परंतु कळंबाच्या झाडापासून आमची उत्पत्ति झाली असें म्हणणारा मनुष्य मला आजवर भेटला नाहीं. तेव्हां देवकाला देवकच म्हणावें, आणि मग तें काय करतें तें पाहावें, हें बरें.

याच गोल्डनवायझरच्या चर्चावर्गांत, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत, ९ मे १९१६ रोजीं पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्यानें निबंध वाचला. विद्यार्थ्याचें नांव भीमराव रामजी आंबेडकर, आणि निबंधाचा विषय हिंदुस्थानांतील जाति. रिस्ले, नेसफील्ड, सेनार या युरोपीय पंडितांच्या आणि आपल्या ज्ञानकोशकार केतकरांच्या व्याख्या त्यांनीं एकेक करून तपासल्या. त्यांचा मुख्य मुद्दा असा. कुळाबाहेर लग्न करण्याचा नियम हिंदुस्थानांत मुळापासूनचा आहे. सगोत्रांत, एकाच देवकांत लग्न होत नाहीं. हा नियम समाजाला एकमेकांत मिसळवीत नेणारा. त्यावर कोणीतरी जातीच्या आंतच लग्न करण्याचा नियम बसविला, आणि मिसळण्याची वाट बंद झाली. जातीच्या आंतच लग्नें व्हावयाचीं तर विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या जुळती राहिली पाहिजे; नवरा मेल्यावर मागें उरलेल्या बाईचें काय करावयाचें, हा प्रश्न मग उभा राहतो. सती, सक्तीचें वैधव्य आणि बालविवाह या रूढींची उपपत्ति त्यांनीं येथून लावली. ज्या शास्त्राचा उपयोग तोंवर माणसांच्या पायऱ्या लावण्याकडे होत होता, तेंच शास्त्र हातीं घेऊन पायऱ्या कशा बांधल्या गेल्या हें शोधण्याचा हा प्रयत्न होता. एक वर्षानें, १९१७ सालीं, तो 'इंडियन अँटिक्वरी' या मासिकांत छापून आला.

शाळेंत इतिहास शिकवीत असतांना एके वर्षीं मीं मुलांना आपापल्या घरचें देवक विचारून येण्यास सांगितलें होतें. वर्गांत निरनिराळ्या जातींचीं मुलें. दुसऱ्या दिवशीं वह्या पाहिल्या तों तीन वेगवेगळ्या जातींच्या मुलांच्या वहींत पांचपालवी. त्यांतल्या एकानें विचारलें, "गुरुजी, देवक एक, तर आम्ही भाऊबंद कीं नाहीं?" मुलाचा प्रश्न पोरकट नव्हता. आंबेडकरांनीं १९४८ सालीं अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील आपल्या ग्रंथांत हाच प्रश्न पुराव्यासह विचारला आहे. मराठ्यांत आढळणारें बहुतेक प्रत्येक कूळ महारांतही आढळतें, असें त्यांनीं तेथें दाखविलें. दोघांचे वंशच निराळे, म्हणून एक शिवणारा आणि एक न शिवणारा, हें मत मग उभें कशावर राहणार?

वंशाचें हें मत सर हर्बर्ट रिस्ले या अंमलदारानें चालविलें होतें. १९०१ च्या खानेसुमारीचा तो प्रमुख होता. लोकांचीं नाकें मोजावीं, रुंदीचें उंचीशीं प्रमाण काढावें, आणि जातीचा दर्जा नाकाच्या रुंदीच्या उलट प्रमाणांत असतो असें दाखवावें, असा त्याचा खटाटोप. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं १९३२ सालच्या ग्रंथांत तेच आंकडे तपासून दाखविलें, कीं हा नियम गंगायमुनेच्या प्रदेशाबाहेर लागू पडत नाहीं. महाराष्ट्रांत तर नाहींच. पुढें आंबेडकरांनींही घुर्यांच्या आंकड्यांचा उपयोग करून ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश भिन्न नाहीं असें प्रतिपादन केलें. नाक मोजणारी पट्टी खोटी नव्हती. तिच्यावरून काढलेला अर्थ आधींच ठरलेला होता.

धर्माविषयींचा आणखी एक विचार येथें सांगितला पाहिजे. फ्रान्समधील एमिल दुर्खेम यानें १९१२ सालीं असें मांडलें, कीं धर्माचें मूळ एकट्या माणसाच्या स्वप्नांत शोधूं नका. तें लोक एकत्र जमतात त्या प्रसंगांत शोधा. शेंकडों माणसें एका ठिकाणीं येतात, एका तालावर नाचतात, तेव्हां प्रत्येकाला आपल्याहून मोठी अशी शक्ति जाणवते. ती शक्ति म्हणजे समाजच होय, असें तो म्हणे. लोहा तालुक्यांत माळेगांवला मार्गशीर्षांत खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवें, बैल यांचा बाजार, वाघ्यामुरळींचीं गाणीं, भंडाऱ्याची उधळण, हें सारें पाहिलेल्या माणसास दुर्खेमचें म्हणणें समजावून सांगावें लागत नाहीं. या खंडोबाची एक बायको म्हाळसा वाण्यांच्या घरची, दुसरी बाणाई धनगरांची. आणखी बायकांत लोक शिंपीण आणि माळीणही सांगतात. गुंटर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकानें महाराष्ट्रांत धनगरांबरोबर हिंडून या देवाचा अभ्यास केला. हाच देव तेलंगणांत मल्लण्णा होतो आणि कर्नाटकांत मैलार होतो. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं १९६२ सालच्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या ग्रंथांत देवांच्या लग्नांचा अर्थ असा लावला, कीं दोन मानवसमूह एकत्र आले म्हणजे त्यांच्या देवदेवतांचेंही लग्न लागतें. टायलरच्या स्वप्नापेक्षां हा अर्थ आमच्या भूमीच्या अधिक जवळचा आहे.

परंतु समाज एकत्र येतो हें अर्धेंच सत्य. इरावतीबाई कर्वे यांनीं पंढरीच्या वारींत पायीं चालून जो लेख लिहिला तो सुप्रसिद्ध आहे. १९४९ सालच्या 'परिपूर्ति' या त्यांच्या संग्रहांत तो आहे. ज्या प्रदेशांतले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, असा अर्थ त्यांना त्या वाटेवर उमगला. आणि त्याच वाटेवर, एकाच विठ्ठलाचें नांव घेणारीं माणसें जेवावयास मात्र जातवार वेगळीं बसतात, याचें दुःखही त्यांनीं लिहिलें. विठ्ठलमंदिराचें दार अस्पृश्यांस उघडावें म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यांत उपोषण करावें लागलें, ही गोष्ट त्याच सत्याची दुसरी बाजू होय. धर्म माणसें जोडतो. कोणाला बाहेर ठेवून जोडतो, हेंही अभ्यासकानें विचारलें पाहिजे.

आतां आमच्या शेजारचीच एक हकीकत. किनवट तालुका आज नांदेड जिल्ह्यांत आहे. १९५६ पूर्वीं तो हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यांत होता. त्या जंगलपट्टींतले गोंड जमिनी गमावून बसले होते. १९४० सालीं कुमरम भीमू याच्या नेतृत्वाखालीं त्यांनीं उठाव केला, आणि जोडेघाट येथें तो मारला गेला. गोंडांचें दुःख काय आहे, हें पाहण्यासाठीं निजाम सरकारनें ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन पंडितास त्यांच्यांत पाठविलें. महायुद्ध सुरू झाल्यामुळें त्याला हैदराबाद राज्याबाहेर जाण्याची मोकळीक नव्हती. तो मार्लवाई या गोंड खेड्यांत पत्नीसह राहिला, त्यांची भाषा शिकला. त्यानें सरकारला जमिनीचे पट्टे देण्याविषयीं अहवाल लिहिले, आणि मार्लवाईला गोंडी बोलणारे शिक्षक तयार करण्याचें केंद्र निघालें. त्याचा 'राज गोंड्स' हा ग्रंथ १९४८ सालचा. पुढें अनेक वर्षांनीं तो पुन्हां तेथें गेला तेव्हां पुष्कळ जमिनी पुन्हां परक्यांच्या हातीं गेल्याचें त्यानें लिहून ठेविलें. तोच मानवशास्त्राचा अभ्यास. परंतु आरामखुर्चींत बसून केलेला आणि झोंपडींत राहून केलेला, यांत किती अंतर पडतें हें यावरून दिसेल. अंतर पडलें, तरी लेखणीनें जमीन राखतां येतेच असें नाहीं, हेंही दिसेल.

या सर्व विचारांचा आजच्या व्यवहाराशीं संबंध कसा पोहोंचतो, तें आमच्या भागांतील तांड्यांवरून स्पष्ट होतें. बंजारा किंवा लमाण लोक एका भाषेचे, एका पेहरावाचे, एकमेकांचे सोयरे. महाराष्ट्रांत ते विमुक्त जातींत मोडतात. शेजारच्या कर्नाटकांत तेच अनुसूचित जातींत आहेत. तेलंगणांत १९७६ च्या कायद्यानें ते अनुसूचित जमातींत गेले. १९५६ पर्यंत हे तिन्ही मुलूख एकाच हैदराबाद राज्याचे होते. राज्याची सीमा माणसांतून गेली आणि बहीण एका रकान्यांत, भाऊ दुसऱ्या रकान्यांत पडला. २०२५ च्या सप्टेंबरांत महाराष्ट्र शासनानें मराठवाड्यांतील कुणबी दाखल्यांसाठीं हैदराबाद गॅझेटियरच्या नोंदींचा आधार घेण्याविषयीं निर्णय काढला, तेव्हां बंजारा समाजानेंही त्याच नोंदींकडे बोट दाखविलें. कोणाची मागणी योग्य, हें ठरविण्याचें हें स्थान नव्हे. जी नोंद टायलर-रिस्लेच्या काळांत, त्यांच्या हवेंत, एखाद्या कारकुनानें तासाभरांत केली असेल, तिच्यावर आज एखाद्या मुलाचें शिक्षण अवलंबून आहे, एवढेंच दाखवावयाचें आहे.

म्हणून जुन्या मानवशास्त्राचें पुस्तक हातीं आलें तर तें फेकूं नये आणि डोळे मिटून मानूंही नये. त्यास तीन प्रश्न विचारावे. सांगणारा कोण होता? लिहिणारा त्याच्यांत किती दिवस राहिला? आणि हें लिहिणें कोणाच्या उपयोगासाठीं होतें? त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गांवगाडा' हा १९१५ सालचा ग्रंथ मराठींत आहे. या तीन प्रश्नांसह तो वाचला तर आपल्याच खेड्याचें पुष्कळ कांहीं दिसूं लागेल.

आणखी एक काम प्रत्येक घराला करण्यासारखें आहे, आणि त्यास पदवी लागत नाहीं. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायांना विचारून कुळाचें देवक, कुलदैवत, लग्नांतल्या रीती, दुष्काळांत काय करीत, कोणाच्या हातचें पाणी चालत नसे आणि तें कोणत्या सालापासून चालूं लागलें, हें एका वहींत लिहून ठेवावें. सांगणारीचें नांव, तिचें माहेर आणि लिहिण्याचा दिवस हीं खालीं नोंदवावीं. लपविण्यासारखें वाटेल तें आधीं लिहावें, कारण तेंच सर्वांत आधीं विसरलें जातें. आमच्या आज्या-पणज्यांविषयीं आजवर परक्यांनीं लिहिलें आणि आम्हीं तें वाचलें. त्यांच्या तोंडचें त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवणारें मनुष्य घरांत असेल, तर पुढच्या शंभर वर्षांनीं कोणाला शिडी लावण्याची बुद्धि झालीच, तर तिच्यासमोर ठेवावयास निदान एक खरी वही असेल.